निवडलेले तीस

नावाडी होडीत उकिडवा बसला होता आणि ती वर धक्क्यावर उभी होती. ढिगातला एकेक बोय मासा तो उचलायचा, पोटावरून अंगठा फिरवायचा, उलटा करून दुसरी कूस बघायचा आणि बर्फाच्या पेटीत ठेवायचा. असे चार ठेवले. पाचवा त्याने मागे वळूनही न बघता पाण्यात भिरकावला. सहावाही. सातवा पेटीत, मग सलग तीन पाण्यात. हात इतका सवयीने चालला होता की तिला वाटलं, लहान असतील, सोडून देत असेल. पण अकरावा मासा होडीच्या काठावर आपटून उलटा पडला आणि त्याच्या कुशीवर सदऱ्याच्या बटणाएवढा लाल खड्डा तिला दिसला. खड्ड्याची कड पांढरट होती आणि आतलं मांस उघडं पडलं होतं. नावाड्याने तो बोटाने ढकलून दिला.

"दादा, तो का टाकलात?"

"खराब होता, बाई. तुमच्यासाठी नाहीत ते." तो हसला. "काळजी नको. तीस भरल्याशिवाय मी उठत नाही."

"दर महिन्याला असेच निवडता?"

"मग? न निवडता कसे द्यायचे? तुमच्याकडे जायचेत." घरी आलेल्या माणसाला धड कप काढून द्यावा आणि कान तुटलेला आपण घ्यावा, तसं ते तो सांगत होता. "तुमच्या ड्रायव्हरला विचारा. बारा वर्षांत एक तक्रार आली असेल तर हे काम सोडीन."

होडीत उतरून ते मासे जवळून बघावे, तर तिला होडी लागायची. माशांची डॉक्टर आणि पाण्यात पाय ठेवला की ओकाऱ्या, अशी तिची प्रयोगशाळेत थट्टा चालायची. तीही त्या थट्टेत सामील व्हायची, कारण थट्टेमुळे एक गोष्ट विनासायास ठरून गेली होती. मासे नावाडी धरणार, पेटी ड्रायव्हर आणणार, आणि ती वर तिसऱ्या मजल्यावर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणार. पाठीमागे तिला सगळे 'भिंग' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. आज ड्रायव्हर बहिणीच्या लग्नाला गेला होता, म्हणून ती आली होती. लग्न पुढच्या आठवड्यात असतं तर तिला काहीच कळलं नसतं, ह्या विचाराने ती इतकी अस्वस्थ झाली की एका जागी उभं राहवेना. धक्क्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ती दोनदा चालून आली.

"पुढचा खराब निघेल तो मला द्या," ती म्हणाली.

"बाई, वास मारेल तो."

"मारू दे."

तिने पिशवीतून जेवणाचा डबा काढला आणि आतलं जेवण धक्क्यावरच्या कुत्र्यापुढे ओतलं. पुढचा निघायला वेळ लागला नाही. नावाड्याने मासा दोन बोटांत धरून वर केला, तेव्हा त्याची स्वतःची मान अवघडल्यासारखी वाकली होती. चुकीची वस्तू नेतायत बाई, पण सांगणार कसं, असं त्याच्या तोंडावर स्वच्छ लिहिलं होतं.

बसमध्ये तिने पेटी पायाशी आणि डबा मांडीवर ठेवला. खाडीच्या कडेकडेने जाणारा रस्ता गोदामांच्या मागून जातो, मग धुलाईच्या आणि रंगाईच्या कारखान्यांच्या लांबच लांब भिंतीमागून, आणि मोठ्या नाल्याच्या पुलावर क्षणभर उघडा पडतो. पुलावर आल्यावर सगळे प्रवासी न ठरवता खिडक्या लावून घेतात. आज तिने लावली नाही. नाल्याचं पाणी आज विटकरी होतं. ओहोटी लागली होती, खाडी आक्रसली होती, आणि त्या उथळ, कोमट पाण्यात हा विटकरी पट्टा लांबवर तसाच दिसत होता. ओहोटीला पाण्यातला प्राणवायू किती उतरतो, उतरला की माशाच्या कल्ल्यांचं काय होतं, अंगावरचा बुळबुळीत थर पातळ झाला की बुरशी कुठून शिरते, हे तिला तोंडपाठ होतं. एरवी कोणी विचारलं तर ती तासभर सांगू शकत असे. आणि सांगून झाल्यावर पुढे जोडत असे, की आपल्या खाडीत मात्र हे दिसत नाही. बारा वर्षं, बारा महिने, तीस मासे. चार हजार तीनशे वीस मासे तिने आपल्या हाताने फाडले आणि त्यांत जखमवाले निघाले एकूण सात. सात! ह्या सातांचं केवढं कौतुक झालं होतं. मोठे साहेब पाहुण्यांना तक्ता दाखवताना म्हणायचे, बाकीच्या खाड्यांच्या रेषा बघा, दारुडा चालल्यासारख्या, आणि आमच्या बाईंची बघा. तिची रेषा जमिनीलगत सरळ जायची. तिला वाटायचं, हा सरळपणा आपल्या हाताचा आहे, आपण डोळ्यांत तेल घालून काम करतो त्याचा आहे. सात जखमी मासे म्हणजे बारा वर्षांत नावाड्याची नजर सात वेळा चुकली होती, एवढंच.

शेजारची बाई उठून पुढे जाऊन उभी राहिली. डब्याचा वास सुटायला लागला होता. तिने डब्याला रुमाल गुंडाळला आणि मनातल्या मनात भांडायला घेतलं. आधी नावाड्याशी. अहो, तुम्हाला कोणी सांगितलं हा शहाणपणा करायला? मासा आजारी आहे की नाही हे बघायलाच तर हवाय ना तो? मग ड्रायव्हरशी, हा मनुष्य दर महिन्याला तिथे बिड्या फुंकत उभा असतो, त्याच्या समोर हे चालतं आणि हा ठोंब्या एका शब्दाने बोलत नाही. मग आधीच्या साहेबांशी, ज्यांनी नियम लिहिले आणि 'तीस मासे' असं लिहून ठेवलं, कसले तीस ते लिहिलंच नाही. भांडण रंगात आलं होतं, पण कुठेतरी तिचाच आवाज तिला पोकळ वाटत होता. नावाडी म्हणाला होता, तुमच्यासाठी नाहीत ते. हे त्याला कोणीतरी सांगितल्याशिवाय तो म्हणणार नाही. तो मनाने काही करणारा माणूस नाही. गेल्या साली पायाला पट्टी बांधून तो आला होता आणि बसून काम करू का, हेदेखील त्याने ड्रायव्हरकडून विचारून घेतलं होतं.

आज चार वाजता अहवाल जायचा होता. बारा वर्षांचा एकत्र, जाड, निळ्या पुठ्ठ्यातला. नाल्याच्या तोंडाशी पाणी शुद्ध करणारा प्रकल्प बांधायचा की नाही हे ठरवणारी समिती उद्या बसणार होती. 'माशांची प्रकृती उत्तम' हे तिचं वाक्य त्यांच्यापुढे गेलं की प्रकल्प आणखी पाच वर्षं कागदावर राहणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. आज सकाळपर्यंत त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. ती म्हणायची, मी माशांचं सांगते, प्रकल्पाचं तुम्ही बघा. नवरा तर घरी आलेल्या प्रत्येकाला सांगायचा, खाडीचा मासा बिनधास्त खा, आमच्या घरचा शिक्का आहे त्याच्यावर. दर रविवारी तो बाजारात जाऊन स्वतः मासे निवडून आणायचा आणि ओट्यावर ठेवून म्हणायचा, बघा डॉक्टरीणबाई, तब्येत कशी आहे? ती न बघताच म्हणायची, ठणठणीत. आता बसच्या खिडकीत डोकं टेकवून ती त्या एकेका रविवारचा मासा आठवायचा प्रयत्न करत होती, आणि तिला एकही आठवत नव्हता. बाजारातही निवडलेलेच येणार. खराब तो कोण विकायला ठेवतो? म्हणजे अख्ख्या शहरात आजारी मासा कोणाच्या दृष्टीलाच पडत नव्हता. तो होडीच्या काठावरून पाण्यात जात होता, आणि पाण्यातून पुन्हा जाळ्यात.

प्रयोगशाळेत पोचल्यावर तिने पेटी शीतकपाटात ढकलली आणि डबा टेबलावर उघडला. तिने हातमोजे चढवले. मासा लांबीला नेहमीएवढाच होता, पण हाताला हलका लागला. शेपटीचा पर कुरतडल्यासारखा झडला होता. कल्ले लालभडक हवेत, ते विटलेले, कडांना चिकटलेले. पोट फाडल्यावर यकृत बाहेर आलं, पिवळट, आणि त्यावर जोंधळ्याएवढ्या दोन पांढऱ्या गाठी. ती बराच वेळ त्या गाठींकडे बघत राहिली. तिला त्यांचं आश्चर्य वाटत नव्हतं, आणि हेच भयंकर होतं. चांगल्या दिसणाऱ्या माशांच्या यकृतातही तिला बारीकसारीक दिसत आलं होतं, पेशींमध्ये साचलेली चरबी, कुठे काळसर ठिपके. बाहेरून मासा चकचकीत, म्हणून ती लिहायची 'किरकोळ'. दर महिन्याला किरकोळ. मासे तिला सांगत होते, नावाड्याने निवडलेले सर्वांत धडधाकट मासेसुद्धा सांगत होते, आणि ही बया किरकोळ लिहून डबा खायला बसत होती.

मग वास आला. इतका वेळ येतच होता, पण फाडलेल्या माशाचा वास वेगळा, गोडसर, घशाच्या मागे जाऊन बसणारा. आणि त्या वासाबरोबर तिला ती दुपार आठवली. आठवली म्हणजे समोर येऊन उभीच राहिली. नोकरीचा पहिला महिना. लेक कॉलेजात जायला लागल्यावर, पंचेचाळिशी उलटून ती पुन्हा नोकरीला लागली होती, आणि तिथली सगळी पोरं तिच्यापेक्षा दहा-दहा वर्षांनी लहान, वेगवान. पहिल्या पेटीत पाच-सहा मासे असेच होते, जखमांचे. ते बर्फातही लवकर कुजले, त्यांचं पाणी इतरांना लागलं, आणि तिने बनवलेल्या काचपट्ट्यांवर पेशींचा नुसता गाळ उतरला; ती पेटी पुढे मोजणीत धरलीच गेली नाही. आधीच्या साहेबांनी एक काचपट्टी उजेडाला धरून सगळ्यांसमोर विचारलं होतं, "बाई, हे मासे आहेत की चिखल?" पोरं हसली होती. ती संडासात जाऊन रडली होती. आणि दुसऱ्या दिवशी ती धक्क्यावर गेली होती. तेव्हा नावाड्याचे केस काळे होते. त्याला ती म्हणाली होती, अगदी अजिजीने, हात जोडल्यासारखी, "दादा, असले नका हो देऊ मला. जरा चांगले बघून द्या."

तो म्हणाला होता, "बरं, बाई."

बस, एवढंच. ती विसरून गेली होती. पुढच्या महिन्यापासून काचपट्ट्या सुरेख यायला लागल्या, कौतुक सुरू झालं, आणि ते आपल्या हाताचं यश आहे असं तिने मानून घेतलं. घरात तिचं एक वाक्य कधी बारा मिनिटं टिकलं नव्हतं. पंखा बंद कर म्हटलं तर नवरा वर्तमानपत्र उलटायचा, लेकीला फोन कर म्हटलं तर लेक महिन्याने करायची. आणि इथे एका माणसाने तिचा एक शब्द बारा वर्षं पाळला होता, उन्हातान्हात, पायाला पट्टी बांधून. तिला एकदम हसू फुटलं. टेबलाला धरून ती उभी राहिली. शरमेने कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा फोन वाजला तो बंद केला, आणि डब्यातल्या माशाकडे लांबूनच बघितलं.

"एक मासा आहे हा," ते म्हणाले.

"एक मी आणलाय. टाकलेले किती ते विचारा."

"हे बघा, नियमात काय लिहिलंय? तीस मासे. तीस भरले ना?"

"निवडून भरले, साहेब."

ते खुर्चीत मागे रेलले. "दोन वर्षं राहिली तुमच्या निवृत्तीला. ह्या वयात सगळ्या कामावर बोळा फिरवायचा? लोक काय म्हणतील? भिंगाला बारा वर्षं दिसलं नाही?" तो शब्द त्यांच्या तोंडून चुकून गेला आणि ते ओशाळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बरं, लिहायचंच असेल तर असं लिहू. नमुने गोळा करणाऱ्याने परस्पर निवड केल्याचं आत्ता निदर्शनास आलं. त्याचं काम थांबवू, दुसरा माणूस नेमू. तुमच्यावर काहीच येत नाही. तुम्ही तर उलट शोधून काढलंत."

वाक्य तयारच होतं. किती सोपं, किती स्वच्छ होतं ते. तिच्या मनाने ते क्षणभर चाटून बघितलं, हे तिला नंतर कबूल करावंच लागलं असतं. नावाडी वाचायला येणार नव्हता. त्याला ड्रायव्हर सांगेल, आता येऊ नका. तो म्हणेल, बरं. कारणही विचारणार नाही. तो ज्या गुणाने बारा वर्षं तिचं ऐकत आला त्याच गुणाने मुकाट्याने घरी बसेल, आणि मनात म्हणेल, काहीतरी चुकलं असेल आपलं.

"त्याने परस्पर नाही केलं," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं."

"कधी?"

"पहिल्या महिन्यात."

"लेखी?"

"तोंडी."

"मग कोणाला माहीत आहे?" साहेबांनी विचारलं, आणि स्वतःच्याच प्रश्नाने चपापून ते खिडकीबाहेर बघायला लागले. मग म्हणाले, "चारपर्यंत वेळ आहे. विचार करा."

तिने विचार केला नाही. विचार करायला बसली असती तर तिने स्वतःला पटवलं असतं, आपल्याला ती चांगली ओळखत होती. टेबलाशी येऊन तिने निळ्या पुठ्ठ्यातला अहवाल बाजूला सरकवला, कोरा कागद घेतला आणि उभ्याउभ्याच लिहिलं, की ह्या अहवालातले सर्व मासे आजारी मासे वगळून निवडलेले आहेत, तसं करण्याची सूचना मी स्वतः दिली होती, आणि ह्यावरून खाडीतल्या माशांच्या प्रकृतीबद्दल काहीही सांगता येत नाही. खाली सही केली. सही नेहमीपेक्षा मोठी आली. आता हलकं वाटेल, असं तिला वाटलं होतं. नाही वाटलं. चार हजार तीनशे वीस मासे, त्यांच्या काचपट्ट्या, कपाटांचे तीन खण, सगळं त्या अर्ध्या पानात गेलं होतं. हातात उरलं काय? काही सांगता येत नाही, एवढंच. समिती म्हणेल, सांगता येत नाही ना, मग पुढच्या पाच वर्षांत बघा आणि सांगा. म्हणजे खरं बोलूनही पाणी विटकरीच राहणार. ती खुर्चीत बसली, उठली, पुन्हा बसली, आणि मग केवळ बसवेना म्हणून तिने नावाड्याला फोन लावला.

"दादा, मी बोलतेय. प्रयोगशाळेतून."

"बाई? तीस कमी भरले का?" त्याचा आवाज घाबरला होता.

"नाही, तीस आहेत. ऐका. पुढच्या महिन्यापासून निवडायचं नाही. जाळ्यात येईल तो ओळीने उचलायचा. खराब, चांगला, जसा असेल तसा. पहिले तीस."

मग त्याने विचारलं, "म्हणजे आजवरचं माझं काम चुकलं का, बाई?"

"तुमचं नाही," ती म्हणाली. "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. माझं चुकलं."

"तुम्ही चांगले मागितले होते, बाई. मी एकदाही तीस चुकवले नाहीत." मग इतकी वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट बोलावी की नाही अशा सुरात तो म्हणाला, "पण फार जड जायला लागलंय हल्ली. पहिल्या साली एका खेपेत तीस भरायचे. ह्या साली चार खेपा टाकतो, तेव्हा कुठे भरतात. तुम्हाला कशाला सांगायचं म्हणून बोललो नाही."

तिचा हात पेनाकडे गेला.

"दादा, दर साली किती टाकत होतात ते आठवतं तुम्हाला?"

"आठवणार नाही तर. हात माझाच ना. कल्ले पांढरे पडायला लागले ते ज्या साली नवा रंगकारखाना झाला त्या साली. गाठीवाले त्याच्या दोन वर्षं नंतर. कुठल्या महिन्यात जास्त, कुठल्या वाऱ्याला जास्त, सगळं सांगतो की. कोणी विचारलंच नाही कधी."

हे शास्त्र नव्हे, ते तिला कळत होतं. म्हाताऱ्याच्या आठवणीवर समिती उठून उभी राहणार नाही. मोठे साहेब कपाळाला हात लावतील. पण बारा वर्षं वगळलेला प्रत्येक आजारी मासा ज्या एका माणसाच्या हातातून गेला होता तो आत्ता फोनवर होता, आणि तिने आडव्या उभ्या रेघा मारून बारा घरं आखली.

"सांगा," ती म्हणाली. "पहिल्या सालापासून. सावकाश."

तो सांगत गेला. मध्ये मध्ये बायकोला हाक मारून विचारत होता, अगं, धाकटी झाली ते कुठलं साल, आणि त्यावरून महिना पक्का करत होता. ती लिहीत होती. एक घर भरलं, दुसरं भरलं. चार वाजता मोठे साहेब दारात आले आणि त्यांनी हातानेच विचारलं, सही? तिने अर्धं पान उचलून त्यांच्याकडे सरकवलं आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला. ते उभ्याने वाचत राहिले. त्यांचा चेहरा कसा झाला ते तिने बघितलं नाही.

"लिहिताय ना, बाई?" नावाडी विचारत होता. "सहाव्या साली निम्मे. बरोबर निम्मे. एक तुमचा, एक पाण्यात."

"लिहितेय," ती म्हणाली. सहाव्या घरात तिने आकडा नीट, वाचता येईल असा लिहिला. "सातव्या साली?"